पावणेदोन तासांची वाट

थोरलीने सँडल काढले, पाय सुटकेसवर टाकले आणि भिंतीवरच्या घड्याळाकडे बघून म्हणाली,

"अजून सहा तास वीस मिनिटं."

धाकटीने मान हलवली. बोलण्यासारखं काही नव्हतं. तसं त्या दोघी जावांमध्ये बोलण्यासारखं गेली आठ वर्षं काहीच नव्हतं. एकाच घराच्या दोन मजल्यांवर राहायच्या. जिन्यात गाठ पडली तर पाण्याची मोटर लावली का, एवढं विचारायच्या. भाचीला मुलगी झाली, तिने हट्टाने दोन्ही माम्यांना बोलावलं आणि तिकिटं शेजारशेजारची काढली, म्हणून ही वेळ आली.

त्यांच्या गावचा विमानतळ म्हणजे एक धावपट्टी आणि एक खोली. भाचीकडचाही तेवढाच, पण पार दुसऱ्या टोकाला. "सरळ उडालं तर नऊशे किलोमीटर, पावणेदोन तास," सकाळी खिडकीवरचा माणूस म्हणाला होता. "पण सरळ विमानच नाही ना, काकू!" म्हणून आधी उलट्या दिशेने या मोठ्या विमानतळावर यायचं, बसून राहायचं, मग दुसरं विमान. घरापासून घरापर्यंत बारा तास.

धाकटीची लाँड्री होती. समोरून जाणाऱ्या माणसाकडे बघून ती पुटपुटली, "बाहीला दोन घड्या पाडल्यात. इस्त्री करणाऱ्याचं लक्ष नव्हतं."

"आणि गुडघा दुखतोय त्याचा," थोरली म्हणाली. ती तीस वर्षं नर्स होती. "बघ, जिना टाळतोय."

"टाळणारे तुम्हाला बरोबर ओळखू येतात, ताई."

तोंडून निघून गेलं. थोरलीने पाय खाली घेतले.

"सासूबाईंचं म्हणतेस ना?"

"तीन वर्षं अंथरुणाला खिळल्या होत्या. तुम्ही रात्रपाळ्या मागून घ्यायचात."

"घ्यायचे." थोरली बराच वेळ सँडलचा पट्टा लावत राहिली. "मी घास पुढे केला की त्या तोंड फिरवायच्या. परक्यांना जन्मभर भरवलं मी, आणि घरच्या माणसाने तोंड मिटून घ्यावं? तुझ्या हातून मात्र निमूट जेवायच्या. सांगणार कुणाला?"



"मला म्हणायच्या," धाकटी हळूच म्हणाली, "थोरली जवळ आली की वाटतं, आता सुई टोचणार."

थोरलीचा चेहरा क्षणभर कोराच राहिला. मग तिला असं हसू फुटलं, की पलीकडच्या रांगेतल्या लोकांनी माना वळवल्या. डोळे पुसत ती म्हणाली, "एकदा तरी सांगायचंस, बये!"

"तुम्ही तरी कुठे विचारलंत?"

पुढचे तास कुठे गेले ते कळलं नाही. विमानासाठी शेवटची हाक आली तेव्हा दोघी धावत सुटल्या.

आठ दिवस बाळाच्या कौतुकात गेले. निघायच्या आदल्या दिवशी भाची फोन नाचवत आली.

"थोरल्या मामी, सरळ विमान सुरू झालंय! तिकिटं बदलून देते. पावणेदोन तासांत घरी!"

"मधे कुठे थांबत नाही?"

"कुठ्ठेच नाही!"

थोरलीने धाकटीकडे पाहिलं. धाकटीने हातातलं दुपटं उलगडलं आणि पुन्हा घडी घालायला घेतली.

"मग राहू दे गं," थोरली म्हणाली. "आहे तेच बरंय."

"अहो, बारा तास लागतात!"

"तेरा लागले तरी चालतील," धाकटी म्हणाली, आणि थोरलीचे न मावणारे कपडे तिने आपल्या सुटकेसमध्ये ठेवले.