मेरन आधीच ओरडली

मेरनला रडू येणार असलं की आधी तिच्या नाकाचा शेंडा लाल व्हायचा. मग ती उगाच हसायची, मग खालचा ओठ दातांत धरायची, आणि त्यानंतर कुठे डोळे भरायचे. हा क्रम एके काळी जगात फक्त तिच्या नवऱ्याला, गॅरेटला पाठ होता. आता तो हजारो अनोळखी लोकांना पाठ होता आणि त्याचं गॅरेटला फारसं काही वाटत नव्हतं. पण तो डस्टिनलाही पाठ होता, आणि ते मात्र त्याला सलत होतं.

डस्टिन मेरनचा कॉलेजपासूनचा मित्र. शाळेत मुलांना बँड शिकवायचा, एकटा राहायचा आणि जाहिरात बघूनही रडायचा. तीन वर्षांपूर्वी त्याने आणि मेरनने ‘सोफ्यावर दोघं’ नावाचं चॅनेल काढलं. कधीही न पाहिलेला सिनेमा दोघांनी गॅरेटच्या घरच्या सोफ्यावर बसून पाहायचा, गॅरेटने त्यांचे चेहरे टिपायचे, आणि लोकांनी ते चेहरे बघायचे. एवढाच धंदा. दुसऱ्याला सिनेमा बघताना बघायला लोक पैसे भरतात हे गॅरेटच्या आईला शेवटपर्यंत पटलं नाही. पण अमेरिकेच्या उत्तर टोकाला असलेल्या डुलुथच्या हिवाळ्यात, तळं गोठलेलं आणि दार बर्फाने अडलेलं असताना, शेजारी कुणीतरी हसणारं-रडणारं असावं असं पुष्कळांना वाटतं.

कॅमेरा, दिवे, जोडकाम म्हणजे एडिटिंग, सगळं गॅरेटकडे. दिवसा तो पाणीपुरवठ्याच्या प्रयोगशाळेत नळाच्या पाण्यातलं क्लोरीन मोजायचा आणि संध्याकाळी बायको दुसऱ्याच्या शेजारी बसून कशी हसते ते पुन्हा पुन्हा बघायचा. व्हिडिओखाली लोक लिहायचे, “हे दोघं लग्न कधी करणार?” एकदा मेरनने उत्तर दिलं होतं, “माझं लग्न झालंय. नवरा कॅमेऱ्यामागे असतो.” त्यावर कुणीतरी लिहिलं, “मग त्याला तिथेच राहू दे.” त्या वाक्याला पसंतीचे इतके बदाम मिळाले की मेरन हसून हसून लोळली. गॅरेटही हसला, आणि नंतर आठवडाभर अधूनमधून जाऊन ते बदाम वाढले का ते बघत राहिला.

‘पेबल’ या कार्टून सिनेमांच्या मालिकेने चॅनेलला नाव मिळवून दिलं होतं. पेबल हा एक किरकोळ पोरगा. ज्याला हात लावेल त्याचं वजन तो स्वतःच्या अंगात ओढून घेतो, की ती वस्तू पिसासारखी हलकी. पहिल्या तीन भागांवर मेरन आणि डस्टिन जे रडले होते, त्यावरच पैसे भरणारे निम्मे सदस्य जोडले गेले होते. चौथा आणि शेवटचा भाग नोव्हेंबरात, थँक्सगिव्हिंगच्या सणाच्या सुमारास चित्रपटगृहांत लागला, तेव्हा दोघांनी पाहायचा नाही असं ठरवलं. जानेवारीत घरी बघायला मिळेल तेव्हाच, सोफ्यावर, सदस्यांसोबत. शपथच घेतली होती. एवढे दिवस कान बंद ठेवणं सोपं नव्हतं. डस्टिनच्या वर्गातली पोरं त्याला शेवट सांगायला टपलेली असायची.

चित्रणाच्या दिवशी डस्टिन बूट झटकत आत आला तो कागदी रुमालांचे दोन डबे घेऊन.

“एक माझा, एक मेरनचा,” तो म्हणाला. “गॅरेट, तुझ्यासाठी नाही आणला रे. तुझ्या डोळ्यांत क्लोरीन आहे, तिथे काही जगत नाही.”

“अगदी खरंय!” मेरन आतून ओरडली. “आमच्या लग्नातसुद्धा कोरडा ठणठणीत होता!”

“लग्नात रडायचं काय असतं?” गॅरेट म्हणाला.

“बघ बघ, हेच,” डस्टिन म्हणाला आणि सोफ्यावर आपल्या नेहमीच्या जागी बसला. गॅरेटच्या सोफ्यावर त्याची नेहमीची जागा होती.

मेरनने कॅमेऱ्याकडे बघून नेहमीसारखं “तीन, दोन, एक, सुरू!” म्हटलं. तिच्या ‘सुरू’वर सदस्यांनी आपापल्या घरी सिनेमा लावायचा असतो. व्हिडिओत सिनेमा दाखवता येत नाही, सिनेमाच्या मालकांचं यंत्र लगेच पकडतं. म्हणून सदस्यांना फक्त चेहरे मिळतात, आणि चुकामूक होऊ नये म्हणून कोपऱ्यात सिनेमा किती मिनिटांवर आलाय ते दाखवणारं चालतं घड्याळ. ते घड्याळ गॅरेट जोडकामात अगदी शेवटी चिकटवायचा.

शेवट जवळ आला. पडद्यावर पेबलने कोसळत्या पुलाचं सगळं वजन अंगावर घेतलं आणि त्याच्या पायाखालचं तळ्यावरचं बर्फ तडकलं. त्याची बहीण जूनी पोटावर सरपटत गेली, तिने त्याचा हात पकडला. हातमोजा निसटत चालला. मेरनने उशीत तोंड खुपसलं. मग वर बघितलं, आणि न बघताच डावीकडे हात टाकून डस्टिनचा हात धरला. मोजा निसटला. पेबल पाण्यात गेला. मेरनने डस्टिनच्या खांद्यावर डोकं टेकवलं, आणि डस्टिन, स्वतः मुसमुसत, हळूच म्हणाला, “आहे मी.” मग ती पुन्हा उशीत शिरली.

गॅरेट कॅमेऱ्यामागे उभा होता. हात लांब केला असता तर तिच्या गुडघ्याला लागला असता. एकदाही तिने त्याच्याकडे बघितलं नाही.

शनिवारी दुपारी तो जोडकामाला बसला. तो तुकडा त्याने किती वेळा बघितला कोण जाणे. आवाज वाढवून बघितला, कमी करून बघितला. ‘आहे मी.’ म्हणजे काय? गॅरेट नव्हता का? खाली लोक काय लिहिणार तेही त्याला वाचायच्या आधीच दिसायला लागलं. मग त्याच्या लक्षात आलं की मेरनचं तोंड आधीही उशीत आहे आणि नंतरही उशीत, आणि डस्टिनचं दोन्ही वेळा रुमालात. मधलं कापलं आणि दोन्ही उशा एकमेकींना जोडल्या तर सांधा ओळखूसुद्धा येणार नाही. जेमतेम अर्धं मिनिट. सदस्यांच्या व्हिडिओत त्याने आजवर कधी कात्री लावली नव्हती. आज लावली. सांधा इतका साफ बसला की त्याला स्वतःचं कौतुक वाटलं. मग कोपऱ्यात घड्याळ चिकटवलं, व्हिडिओ चढवला आणि ओव्हनमधलं हॉटडिश, बटाटे-खिम्याचं, काढायला गेला. जेवणात त्याने दोनदा वाढून घेतलं.

सोमवारी आभाळ कोसळलं.

सिनेमाच्या शेवटी जूनी बर्फावर एकटी बसलेली असते, सगळं संपलंय असं वाटतं, आणि मग बर्फाखालून ठक ठक ऐकू येतं. पेबल जिवंत असतो. सदस्य श्वास रोखून जूनीकडे बघत होते, ठकठक व्हायची होती, आणि इकडे मेरन सोफ्यावरून उडी मारून ओरडली, “ठोकलं! आतून ठोकलं! जिवंत आहे तो!”

लोक खवळले. शेवटाचा विचका झाला हे एक. पण त्याहून मोठं हे, की तिला आधीच कसं कळलं? कुणी मागे जाऊन तपासलं. पुलाखालून खलनायक पुन्हा वर येतो तिथेही दोघं आधीच दचकले होते. त्यानंतरच्या विनोदांवरही आधीच हसले होते. “यांनी सिनेमा आधी पाहिलाय,” लोकांनी लिहिलं. “तीन वर्षं आपल्याला उल्लू बनवतायत.” आणि मग एकाने लिहिलं, “सरळ आहे. नोव्हेंबरमध्ये दोघं गुपचूप थिएटरात गेले असणार. हातात हात घालून.”

गॅरेटने हे प्रयोगशाळेत जेवणाच्या सुट्टीत वाचलं. आपल्या कात्रीची त्याला आठवणसुद्धा झाली नाही. त्याला आठवला तो नोव्हेंबरातला एक गुरुवार. मेरन उशिरा आली होती, डस्टिनच्या शाळेत बँडचा कार्यक्रम होता म्हणाली, आणि तिच्या कोटाला पॉपकॉर्नचा वास येत होता. सगळं जुळलं. आणि खरं सांगायचं तर, कुठेतरी त्याला बरंही वाटलं. तीन वर्षं जे नुसतं सलत होतं त्याला आता नाव मिळालं होतं.

मेरन संध्याकाळी दमून आली. ती दातांच्या दवाखान्यात काम करायची. “अरे, एका बाईने तोंडात कापसाचे बोळे असताना मला विचारलं,” कोट काढत ती म्हणाली. “‘हू ओवा ओललीस का?’ म्हणून. तू खोटं बोललीस का! काय होतंय हे, गॅरेट?”

“थँक्सगिव्हिंगच्या आधीच्या गुरुवारी तू कुठे होतीस?”

“कधी?”

“बँडचा कार्यक्रम होता, असं तू सांगितलं होतंस.”

“असं मी सांगितलं होतं,” मेरन सावकाश म्हणाली. “म्हणजे होता की नाही ते तुला माहीत नाही.”

“कोटाला पॉपकॉर्नचा वास येत होता.”

“मी विकत होते पॉपकॉर्न! मुलांच्या सहलीसाठी! तुलाही बोलावलं होतं, तू म्हणालास, बेसूर ट्रॉम्बोन ऐकायला मी येत नाही.” तिच्या नाकाचा शेंडा लाल झाला, पण ती हसली नाही. “दिवसभर लोक मला खोटारडी म्हणतायत आणि मी गिळतेय. वाटलं, घरी जाईन, गॅरेट म्हणेल, मेरन, मी तिथेच उभा होतो, तू नाही खोटं बोललीस. एवढंच ऐकायचं होतं. आणि तू पण?”

ती आतल्या खोलीत गेली. दार आपटलं नाही, नुसतं लावून घेतलं.

दुसऱ्या दिवशी गॅरेटने सुट्टी टाकली. त्याला पुरावा हवा होता. एका पडद्यावर त्याने सिनेमा लावला, दुसऱ्यावर आपला व्हिडिओ, आणि मेरन कुठे किती आधी हसली-रडली ते मोजायला बसला. मोजणं त्याला येत होतं. सुरुवातीपासून सगळं जुळत गेलं. विनोद झाला की हसू, धक्का बसला की किंकाळी. हातमोज्यापर्यंत सगळं बरोबर. हातमोज्यानंतर सगळं आधी. आणि जितकं एकदा आधी, तितकंच दर वेळी आधी.

तिथे त्याचा हात थांबला. माणूस सोंग करत असेल तर कुठे थोडा आधी रडेल, कुठे थोडा उशिरा. सगळीकडे फरक तेवढाच असेल तर लबाडी माणसात नसते, मोजपट्टीत असते. हे तो प्रयोगशाळेत नव्या पोरांना शिकवायचा. पट्टीचं अर्धं मिनिट त्यानेच कापलं होतं, आणि वर आपल्याच हाताने घड्याळ चिकटवून ती सरळ आहे असं दाखवलं होतं. मेरन आणि डस्टिन कुठेही गेले नव्हते. ठकठक ऐकूनच ती ओरडली होती.

गुपचूप तुकडा परत जोडता आला असता. ‘यांत्रिक बिघाड’ एवढं लिहिलं की काम झालं असतं. पण तो तुकडा परत आला की मेरन विचारणार होती, हा गेला कसा होता?

मेरन घरी आली तेव्हा त्याने तिला पडद्यासमोर बसवलं आणि कापलेलं अर्धं मिनिट दाखवलं. काय केलं ते सांगितलं. का केलं ते सांगताना तो दोनदा अडखळला.

मेरनने तुकडा पुन्हा एकदा लावला. स्वतःचा हात डस्टिनच्या हातात बघितला.

“याच्यासाठी?” ती म्हणाली.

“हो.”

“आणि हे करून वर मलाच गुरुवारचा हिशेब मागितलास.”

“तेव्हा माझ्या लक्षातच आलं नाही, मेरन. खरंच.”

“ते जास्त वाईट आहे, कळतंय ना तुला?” तिने तुकडा बंद केला. “डस्टिनने हात मागितला नव्हता. मीच धरला. तू शेजारी असतास तर तुझाच धरला असता असं म्हणू का आता? तुला बरं वाटेल. पण मला नाही माहीत. तू कधी शेजारी बसलाच नाहीस.”

“मला कुणी बस म्हटलं नाही.”

“आपल्या घरच्या सोफ्यावर बसायला तुला आमंत्रण पाहिजे?”

मेरन उठली. “तुकडा जसाच्या तसा परत जाईल. आणि तो कुठे गेला होता ते तू सांगायचं. लिहून नाही. इथे बसून, तोंडाने. आणि डस्टिनला आधी सांग. शाळेतली पोरं त्याला लबाड म्हणतायत.”

डस्टिन आला. गॅरेटने दारातच सगळं सांगितलं. डस्टिनने टोपी काढली, पुन्हा घातली.

“माझा हेवा?” तो म्हणाला. “अरे, मी इथून घरी जातो आणि फ्रीजमधलं कालचं सूप गरम करून उभ्यानेच पितो. मी गेल्यावर तुम्ही दोघं जेवायला बसता. कधी विचार केलायस?” मग नाक शिंकरून म्हणाला, “आण तो कॅमेरा. कुठलं बटण दाबायचं तेवढं दाखव. आणि रागावलोय मी, हे विसरू नकोस.”

गॅरेट सोफ्यावर मेरनच्या शेजारी बसला. दोन्ही दिवे तोंडावर आले आणि समोर नुसता काळोख झाला. कॅमेरा दिसेना, डस्टिन दिसेना, भिंतसुद्धा दिसेना. तीन वर्षं ज्या जागी उभं राहून तो मेरन आपल्याकडे कधी बघेल याची वाट पाहत होता, तिथे इथून कुणीच दिसत नव्हतं.

“सुरू झालंय,” काळोखातून डस्टिनचा आवाज आला.

“मी गॅरेट,” गॅरेट म्हणाला. “मेरन माझी बायको. मेरनने आणि डस्टिनने हा सिनेमा आधी पाहिला नव्हता. मधलं अर्धं मिनिट मी कापलं होतं, म्हणून पुढचं सगळं तुम्हाला आधी दिसलं. तिने डस्टिनचा हात धरला आणि मला हेवा वाटला, म्हणून कापलं. तुम्ही तिची माफी मागा. मी मागितलीय.”

ठरलेलं एवढंच होतं. डस्टिन कॅमेरा बंद करेल म्हणून तो थांबला. बटणाचा आवाज आला नाही.

“हेवा अजून वाटतो,” गॅरेट म्हणाला.

काळोखात जरा हालचाल झाली. “हे शेवटचं ठेवायचं का कापायचं?” डस्टिनने विचारलं.

“ठेव,” मेरन म्हणाली.