जुन्या कार्डावरचं उत्तर

“हे चालणार नाही,” असं म्हणत बाईंनी कार्ड टेबलावरून परत सरकवलं.

“आता यात काय वाईट आहे?” लंबूने विचारलं.

“‘माझं आईवर फार प्रेम आहे.’ अहो, हे कोणीही सांगेल. तुमचा वायरलेस हिसकावून घेतलेला माणूससुद्धा सांगेल. तुमच्याशिवाय दुसऱ्या कोणाला सुचणारच नाही, असं काहीतरी लिहून द्या.”

लंबू खुर्चीत मागे रेलला. लढाऊ विमानाच्या एवढ्याशा जागेत हा माणूस घडी घालून बसतो की काय, असा प्रश्न त्याला बघणाऱ्या प्रत्येकाला पडायचा. “बाई, चार वर्षांत आठ कार्डं झाली. माझं बालपण संपलं आता.”

“मग तारुण्यातलं लिहा.”

“ते लिहिण्यासारखं नाही.”

बाई हसल्या, पण कार्डावरचं बोट त्यांनी उचललं नाही. शेवटी त्याने मान खाली घातली आणि लिहिलं : ‘माझी पहिली सायकल हिरवी होती, ती मी पैजेखातर नदीत घातली.’

“हं, याला म्हणतात उत्तर,” बाई म्हणाल्या.

हवाई तळावर त्यांना सगळे कार्डवाल्या बाई म्हणत. त्या काही सैनिक नव्हत्या, साध्या कारकून होत्या. तेवीस वर्षं एकाच खोलीत, एकाच लोखंडी कपाटासमोर बसत होत्या. उडणाऱ्या प्रत्येक माणसाचं एक कार्ड त्या कपाटात असे. त्यावर एक चार आकडी संख्या आणि आयुष्यातल्या तीन खऱ्या गोष्टी. विमान शत्रूच्या हद्दीत पडलं आणि आतला माणूस पॅराशूटने सुखरूप उतरला, की त्याच्या खिशातल्या छोट्या वायरलेसवरून आवाज येई. तो आवाज त्याचाच आहे हे पटल्याशिवाय त्याला आणायला हेलिकॉप्टर पाठवायचं नाही, असा कडक नियम होता. नियमाला कारणही तसंच होतं. शेजारच्या तळावरून एकदा खोट्या आवाजाला भुलून हेलिकॉप्टर गेलं होतं. ते परत आलंच नाही.

दर सहा महिन्यांनी नवं कार्ड भरून घ्यायचं. जुन्याचा साक्षीदारासमोर यंत्रात घालून चुरा करायचा, वहीत सही करायची आणि त्यावर लिहिलेलं विसरून जायचं. पहिली तीन कामं बाईंनी तेवीस वर्षं चोख केली. विसरणं मात्र त्यांना कधीच जमलं नाही. कोण कुठल्या झाडावरून पडलं, कोणी मावशीची अंगठी गटारात घालवली, सगळं डोक्यात जाऊन ठाण मांडून बसायचं. घरी तोंडाला कुलूप. यजमान शाळेत चित्रकला शिकवत. ते म्हणायचे, “मी बाईशी नाही, तिजोरीशी लग्न केलंय.”

अडीच महिन्यांनी, एका सोमवारी सकाळी दहाच्या सुमाराला त्यांच्या खोलीतला फोन खणखणला. “लंबूचं कार्ड घेऊन या. पळत या.”

बाई धापा टाकत नियंत्रण कक्षात पोचल्या. काय झालं ते त्यांना वायरलेसवर बसलेल्या मुलीने दोन वाक्यांत सांगितलं. नदीच्या वळणावर पायदळाची एक तुकडी तीन बाजूंनी कोंडली गेली होती. तिला वाट करून द्यायला लंबू आणि त्याचे दोन साथीदार अगदी खाली येऊन शत्रूच्या तोफांवर मारा करत होते. दोन फेऱ्या नीट झाल्या. तिसऱ्या फेरीत लंबूच्या विमानाने पेट घेतला. तुकडी निसटली, पण लंबू पॅराशूटने पलीकडच्या दरीत उतरला. साथीदारांची विमानं त्याच्या डोक्यावर घिरट्या घालून शत्रूला लांब ठेवत होती. त्यांच्याजवळ पंचवीस मिनिटांचं इंधन होतं.

बाहेर हेलिकॉप्टरचे पंखे फिरत होते. दारात कंपाउंडर उभा होता. हेलिकॉप्टरमधून दोरावरून खाली उतरायचं आणि जखमी माणसाला उचलून वर पाठवायचं, हे त्याचं काम. मलमपट्टी करतो म्हणून सगळे त्याला कंपाउंडर म्हणत. हेल्मेट त्याने काखेत धरलं होतं.

“विचार,” साहेब मुलीला म्हणाले. साहेब म्हणजे त्या दिवशी तळावर ज्यांचा शब्द शेवटचा होता ते.

“तुमची संख्या सांगा,” मुलगी वायरलेसवर म्हणाली.

बराच वेळ नुसती खरखर. मग एक जड, ओढलेला आवाज. “दोन... दोन... एक, सहा.”

बाईंच्या हातातल्या कार्डावर सात-तीन-शून्य-चार होतं.

“सायकलचं विचार.”

“तुमच्या पहिल्या सायकलचं काय झालं?”

“कुठली सायकल?” आवाज म्हणाला. “मी वर आहे. त्यांनी शिडी काढून घेतली. मला उतरता येत नाही.”

साहेबांनी कानावरचा हेडफोन काढून टेबलावर ठेवला. “संपलं. दोन्ही चुकली. हा आपला माणूस नाही.”

दोन-दोन-एक-सहा. पाण्याची टाकी. तिच्यावर अडकलेला नऊ वर्षांचा मुलगा.

“साहेब, हा लंबूच आहे.”

सगळ्यांनी माना वळवल्या. त्या खोलीत बाई कार्ड देण्यापलीकडे तोंड उघडत नसत.

“ही संख्या त्याच्या पहिल्या कार्डावरची आहे. चार वर्षांपूर्वीची. शिडीही त्याच कार्डावरची. त्याच्या डोक्याला मार लागला असणार. नवं आठवत नाहीये त्याला, जुनं आठवतंय.”

“कुठाय ते कार्ड?”

“त्याचा चुरा झाला. माझीच सही आहे.”

“म्हणजे पुरावा काही नाही.”

“नाही.”

साहेबांचा आवाज चढला नाही, उलट खाली आला. “बाई, त्या हेलिकॉप्टरमध्ये पाच माणसं जाणार आहेत. तुमच्या आठवणीवर पाठवू मी त्यांना?”

बाईंची नजर नकळत दाराकडे गेली. कंपाउंडरने हेल्मेट डोक्यावर चढवलं होतं आणि तो हनुवटीखालचा पट्टा ओढत होता.

“साहेब, बाईंनाच बोलू द्या की त्याच्याशी,” तो म्हणाला. “त्यांना पटलं तर आम्ही जातो. आमची ना नाही.”

साहेबांनी घड्याळाकडे पाहिलं आणि मुलीला खूण केली. तिने उठून बाईंना खुर्ची दिली. तेवीस वर्षांत पहिल्यांदा बाई त्या माईकसमोर बसल्या.

“लंबू, मी कार्डवाली बोलतेय. शिडी परत कोणी लावली?”

खरखर. मग, “न्हाव्याने.”

“एकटाच आला होता?”

“नाही... गिऱ्हाईकही आलं मागोमाग. अर्धी दाढी तशीच टाकून आला ना न्हावी. ते खाली उभं राहून मला शिव्या घालत होतं. एक गाल पांढरा.” पुढे खोकल्यासारखं काहीतरी ऐकू आलं. हसूही असेल ते.

“कार्डावर असंच होतं?” साहेबांनी विचारलं.

खोटं बोलायला ती वेळ सोयीची होती. बाई खरं बोलल्या. “न्हावी होता. गिऱ्हाईकही होतं. पांढरा गाल नव्हता. तो आज कळला.”

साहेब दाराकडे वळून म्हणाले, “जा.”

शब्द पुरा व्हायच्या आत दार रिकामं झालं होतं.

अकराच्या सुमाराला हेलिकॉप्टर परत आलं. बाई आपल्या खोलीच्या खिडकीशी उभ्या होत्या. दोन स्ट्रेचर उतरले. पहिल्यावरच्या माणसाचे पाय स्ट्रेचरच्या बाहेर आले होते, त्यावरून त्यांनी लंबूला ओळखलं. त्याचा हात हलत होता. दुसऱ्या स्ट्रेचरवरची चादर डोक्यावरून ओढलेली होती.

काय घडलं ते संध्याकाळपर्यंत सगळ्या तळाला कळलं. कंपाउंडर खाली उतरला तेव्हा दरी शांत होती. त्याने लंबूला पट्ट्यात बांधून वर पाठवलं आणि दोर परत यायची वाट बघत तो खडकाआड थांबला. तेवढ्यात उतारावरून गोळीबार झाला. दोर खाली आल्यावर त्याने स्वतःच स्वतःला त्यात अडकवलं. वर घेतल्यानंतर तो पाच मिनिटं जिवंत होता.

चौकशी झाली, तशी ती व्हायचीच होती. तीन अधिकारी टेबलापलीकडे बसले. नष्ट केलेल्या कार्डावरचा मजकूर तुमच्या लक्षात राहतोच कसा, असं त्यांनी विचारलं.

“कागदाचा चुरा करता येतो, साहेब,” बाई म्हणाल्या. “बाकीच्याचं यंत्र मला कोणी दिलेलं नाही.”

त्यांना ना शिक्षा झाली, ना शाबासकी मिळाली.

गेलेल्या माणसाचं कार्ड तीन दिवसांत नष्ट करायचं, असा नियम होता. बाईंनी कंपाउंडरचं कार्ड कपाटातून काढलं, साक्षीदाराला बोलावलं, यंत्रात घातलं आणि वहीत सही केली. सही नेहमीसारखीच आली याचं त्यांना वाईट वाटलं.

त्या आठवड्यात यजमानांना बाई न्हाणीघरात भरून वाहणाऱ्या बादलीसमोर बसलेल्या सापडल्या. त्यांनी नळ बंद केला. “काय झालं?” असं विचारण्यासाठी तोंड उघडलं आणि मिटून घेतलं. बायकोशेजारी ओल्या फरशीवर ते तसेच बसून राहिले. मी गप्प राहिले असते तर कंपाउंडर आज असता, आणि मी गप्प राहिले असते तर लंबू नसता. ही दोन वाक्यं बाई मनात एकापुढे एक ठेवून बघत. त्यांची जोडी काही जमत नव्हती.

महिन्याभराने लंबू कुबड्या घेऊन आला. बराच वेळ दारातच घुटमळला.

“बाई, मला त्या दिवसाचं काही म्हणजे काही आठवत नाही. मी काय बोललो?”

“बरोबर बोललात,” बाई म्हणाल्या. जाताना त्याने वाकून त्यांच्या टेबलाला हात लावला, तेवढंच.

त्यानंतरच्या आठवड्यात कंपाउंडरची बायको सह्या करायला कार्यालयात आली. शेवटच्या कागदावर बाईंची सही लागत होती, म्हणून शिपायाने तिला त्यांच्या खोलीत आणून बसवलं. पस्तिशीची, सडसडीत. स्वतःचं पेन घेऊन आलेली.

“तुम्हीच ना त्या?” तिने विचारलं. “आवाज ओळखला तो?”

“हो.”

“म्हणजे तुम्ही बोललात म्हणून हेलिकॉप्टर गेलं.”

“हो,” बाई पुन्हा म्हणाल्या. नजर खाली घालायची नाही एवढंच त्यांनी ठरवलं होतं.

बायकोने कागदावर सही केली, पेनाला टोपण लावलं. “गेलं ते बरं झालं. नसतं गेलं तर ह्यांनी घरी येऊन महिनाभर डोकं खाल्लं असतं माझं.” तिने पेन पिशवीत टाकलं. “ह्यांचंही कार्ड असेल ना इथे?”

“होतं. नष्ट करावं लागतं.”

“बरं,” म्हणून ती उठली. पिशवी खांद्याला लावली.

“बसा,” बाई म्हणाल्या. त्या उठल्या, खोलीचं दार आतून लावून घेतलं आणि परत येऊन बसल्या. “तिसरी गोष्ट तुमच्याबद्दल होती. ‘मी तिला पहिल्यांदा पाहिलं तेव्हा ती रस्त्याच्या कडेला बसून स्कूटर दुरुस्त करत होती. गालाला काळं ग्रीस लागलं होतं. मी सांगितलं नाही, कारण सांगितलं असतं तर तिने ते पुसलं असतं.’”

बाहेर धावपट्टीवर एक विमान उतरलं, त्याचा आवाज वाढला आणि विरून गेला.

“गालाला नव्हतं,” ती म्हणाली. “कपाळाला होतं. इथे. घरी गेल्यावर आरशात दिसलं मला. वाटलं, कोणी बघितलं नाही, सुटले.”

जागा दाखवायला तिने दोन बोटं कपाळावर टेकवली होती. बोलणं संपलं तरी बोटं तिथेच राहिली, आणि तिला ती काढायला लागू नयेत म्हणून बाई तिच्या कागदावर सही करायला वेळ लावत राहिल्या.