पहिली काडी

ही २०२२ सालची गोष्ट. आखातात, करामा भागातल्या जुन्या इमारतीची लिफ्ट बंद पडली, आणि दुसऱ्याच मजल्याला सूर्यकांतराव छाती धरून जिन्यात बसले. तीन नसा तुंबल्या होत्या. पुण्याचे डॉक्टर म्हणाले, लगेच निघून या.

मुलगा तन्मय हमरिया बंदरात नोकरीला. "आई, शिपमेंट गेलं की लीव्ह मिळते. मग सगळेच जाऊ."

थांबावं, की दोघांनीच निघावं? शोभनाबाईंचं ठरेना.

"विचार तुझ्या चिनी नाण्यांना," सूर्यकांतराव म्हणाले. "नवऱ्यापेक्षा त्यांचंच जास्त ऐकतेस."

देरात पडद्यांचं दुकान चालवणारी लिन ही शोभनाबाईंची जुनी मैत्रीण. दुपारच्या चहाला दोघी नाणी टाकत. तीन नाणी, सहा वेळा. दर फेकीला एक काडी, अखंड नाहीतर मोडलेली. तिन्ही नाणी सारखी पडली, तर ती काडी बदलती. ती उलटवली की दुसरी आकृती होते, पुढे काय ते सांगणारी. काड्या मात्र नेहमी लिनच मांडायची. ती आता चीनमध्ये, टाळेबंदीत अडकलेली. फोन लागत नव्हता.

शोभनाबाईंनी एकटीनेच नाणी टाकली. पहिल्याच फेकीला तिन्ही सारखी पडली. अखंड काडी, बदलती. पुढच्या दोन अखंड, मग तीन मोडलेल्या. पाटीवर लिहितात तशा त्या एकीखाली एक मांडत गेल्या. वर तीन अखंड म्हणजे आकाश, खाली तीन मोडलेल्या म्हणजे धरती: अडथळा. बदलती काडी सगळ्यात वर: आधी अडथळा, मग आनंद. ती उलटवली, तर आकृती झाली एकत्र येण्याची.

"अहो, खलास, ठरलं. तन्मयसाठी थांबायचं."

"बसायचंच ना? मी बसलेलोच आहे."

शिपमेंट निघायच्या आदल्या सकाळी त्या चहा गाळत होत्या. मागे कप फुटला. वळून पाहिलं तोवर सूर्यकांतराव गेले होते.

पुढल्या वर्षी लिन परतली. गळ्यात पडून रडली. मग शोभनाबाईंनी नाणी काढली. आता कुठे राहू, एवढंच विचारायचं होतं. एक काडी ठेवली, दुसरी तिच्याखाली ठेवू लागल्या, तोच लिनने मनगट धरलं.

"नीचे क्यों? नीचे से ऊपर जाते हैं, शोभना. घर बनता है वैसे."

शोभनाबाईंनी ठेवलेली काडी उचलली. त्या दिवशीच्या सहाही काड्या त्यांना पाठ होत्या. त्या त्यांनी खालून वर मांडल्या. वर धरती, खाली आकाश. लिनचा आवाज खाली आला. "शांति." तिने तळाच्या बदलत्या काडीवर बोट ठेवलं. "निकल पड़ो, शुभ है." मग ती काडी उलटवली. "अब चढ़ना. दक्षिण जाओ, शुभ है."

नकाशात पुणं इथून खाली, दक्षिणेच्या अंगालाच.

"फिर से डालो," लिन म्हणाली.

"अब किसके लिए?"

लिन दुकान विकून आपल्या गावी गेली. तन्मयने ती नोकरी सोडली, शारजात दुसरी धरली. शोभनाबाई त्याच्याकडेच असतात. नाणी त्यांनी देरातल्या खाडीत टाकली.

"माझ्या लीव्हपायी बाबा गेले," असं तन्मय अजूनही जेवता जेवता म्हणतो. शोभनाबाई त्याच्या पाठीवरून हात फिरवतात. काड्यांचं त्याला अजून ठाऊक नाही.