हाकेच्या उताराची पाटी

मी एक जुनी लोखंडी पाटी आहे, मित्रांनो. माझ्यावर एकच शब्द आहे, 'अनाग्ली'. म्हणजे हाकेचा उतार, हाक मारून नदी ओलांडायची जागा. आमच्या या आयरिश वाडीखालून नदी वाहते आणि पलीकडच्या काठावर दुसरा देश लागतो. पूर्वी इथे उभं राहून हाक मारली, की पलीकडचा माणूस होडी घेऊन यायचा. त्यावरून हे नाव पडलं. लोहाराने माझी अक्षरं ठोकली तेव्हा सगळी वाडी बघायला जमली होती.

मग घरांना नंबर आले. वाड्यांची नावं पत्त्यातून गेली. मी खांबावरून उतरले आणि रोझलीनच्या कोंबड्यांच्या खुराड्याचं दार झाले. तिथे माझे काय हाल झाले ते विचारू नका. रोझलीनला तर त्या नंबरांचा इतका राग, की आलेला कागद तिने न वाचताच चुलीत घातला.

"आपण काय कैदी आहोत, नंबर लावून घ्यायला?"

"जाळ बाई," तिचा नवरा फेलिम हसून म्हणाला. "तेवढाच चहा लवकर उकळेल."

मार्चमधल्या एका दुपारी फेलिम छाती धरून अंगणात कोसळला. रोझलीनने ॲम्ब्युलन्सला लावलेला फोन खिडकीतून मला ऐकू येत होता.

"घर नंबर सांगा," फोनवरची बाई म्हणाली.

"अनाग्ली. फेलिमचं घर. कुणीही दाखवेल हो."

"यादीत असं नाव नाही. नंबर बघून सांगा."

"तो मी जाळला," रोझलीन म्हणाली आणि रडायलाच लागली.

अर्धा तास झाला. ॲम्ब्युलन्सचा भोंगा टेकडीमागे जवळ यायचा आणि पुन्हा लांब जायचा. फेलिमचे ओठ निळे पडले. दवाखाना पलीकडच्या काठावरून जवळ, पण नदीवरचा पूल तर कधीच पाडून टाकलेला. तेव्हा रोझलीनने मला बिजागरीसकट उपटलं, काठावर नेलं आणि चुलीच्या चिमट्याने बडवायला लागली. माझा कोपरा वाकला. मला वाटत होतं, अजून जोरात मार, बाई, अजून जोरात.

"कोण गं? रोझलीन का?" पलीकडच्या काठावरून मालकी नावाचा म्हातारा होडीवाला ओरडला.

"होडी आण, मालकी. फेलिम जातोय रे."

तो आला. दोघांनी मिळून फेलिमला होडीत निजवलं. नदीच्या मध्यावर फेलिमने रोझलीनचा हात दाबला. पलीकडचा काठ येईपर्यंत तो हात सैल पडला होता.

चूक रोझलीनचीही होती, हे ती स्वतःच सांगते. आता मी पुन्हा खांबावर आहे. वाकलेला कोपरा तिने सरळ करू दिला नाही. माझ्याखाली तिने रंगाने घराचा नंबरही लिहिला आहे. मित्रांनो, नंबर जपून ठेवा. पण आपल्या वाडीचं नाव कशावरून पडलं, हेही घरातल्या म्हाताऱ्यांना वेळेत विचारून घ्या. त्या दुपारी यादीत मी नव्हते. इथून आवाज आला की होडी काढायची, एवढं एकट्या मालकीला माहीत होतं.