आक्काच्या चार्जरची परंपरा

गडहिंग्लजच्या मैदानात, भरल्या गर्दीत, लाऊडस्पीकरवरून जाहीर झालं की 'आक्का, चार्जर दे' हे गाणं प्रसेनजीत शिंगेनं लिहिलंय. टाळ्या पडल्या, शिट्ट्या पडल्या, एका गृहस्थानं तर आनंदानं फेटा उडवला आणि तो त्यांना अजून परत मिळालेला नाही.

आता हे काही झालंच नाही असं धरून चालू. प्रसेनजीतही तसंच धरून चाललाय. त्याचं कारण पुढं येईल.

तर कोल्हापुरात 'खर्डा' नावाचा एक रॉक बँड आहे. प्रसेनजीत त्यात बेस गिटार वाजवतो. बेस गिटारला चारच तारा असतात ही गोष्ट त्याच्या गल्लीला आजतागायत पटलेली नाही. "ऱ्हायलेल्या दोन कधी बसीवणार?" असं शेजारचे ज्ञानूमामा त्याला दर दिवाळीला विचारतात, आणि त्यांच्या आवाजात खरोखर काळजी असते.

बँडची प्रॅक्टिस धम्मपालच्या वडिलांच्या पिठाच्या गिरणीत चालते. धम्मपाल ड्रमर. प्रॅक्टिस फक्त गिरणी चालू असताना करायची, हा तिथला नियम. गिरणी बंद असताना वाजवलं तर गल्ली तक्रार करते. चालू असताना वाजवलं तर गल्लीला वाटतं, आज ज्वारीत खडे जास्त आलेत. त्यामुळं 'खर्डा'चे सगळे कलाकार नखशिखांत पांढरे होऊन बाहेर पडतात. बँडमधला कोण आणि दळण घेऊन आलेला कोण, हे वेगळं सांगता येत नाही. एकदा एक बाई गिटारच्या पिशवीत बाजरी ओतून गेली आणि वर "बारीक दळा" म्हणाली.

पण त्या गिरणीनंच प्रसेनजीतचा घात केला.

गाणी तो लिहायचा. सगळी. पण गिरणीच्या घरघरीत बोललेलं ऐकू येत नाही, म्हणून गायकाच्या कानाला तोंड लावून तो एकेक ओळ ओरडून सांगायचा. कानात ओरडलेल्या गोष्टीचा एक गुण आहे. ती बाहेरनं आली का आतनं, हे घरी जाऊन अंगावरचं पीठ झटकेपर्यंत विसरायला होतं. 'खर्डा'चा पहिला गायक विश्वजित रोज अंघोळ करून बाहेर यायचा आणि आईला सांगायचा, "आई, आज मला परत गाणं सुचलं."

प्रसेनजीतला आधी त्याचं काही वाटलं नाही. गाणं वाजतंय ना, झालं तर. पण चार्जरच्या गाण्याची गोष्ट वेगळी होती.

शिंग्यांच्या घरात बरीच वर्षं एकच चार्जर होता आणि तो रूपालीआक्काचा होता. वायरीला काळी चिकटपट्टी, पिनीजवळ लाल दोरा. वायर एका ठरावीक कोनात धरून उभं राहिलं तरच फोन चार्ज व्हायचा. बहीण-भाऊ पाळीनं धरून उभे राहायचे आणि धरणाऱ्याची करमणूक म्हणून दुसऱ्यानं गप्पा मारायच्या, असा करार होता. मग आक्काचं लग्न झालं, ती गडहिंग्लजला गेली आणि बॅगेत चुकून चार्जरही गेला. प्रसेनजीतला दुसरा घेता आला असता. पण मग मागायच्या निमित्तानं फोन कुणाला करायचा? त्याच आठवड्यात त्यानं विश्वजितच्या कानात ओरडलं:

आक्का, चार्जर दे गं, लाल दोऱ्याचा,
एक टक्का जीव ऱ्हायलाय धाकट्या भावाचा.
वायर अशी धरायची, मान तिरकी करायची,
फोन उठतो तोवर आमची कंबर बसायची.

गाणं पेटलं. वरातीत वाजलं, फुटबॉलच्या सामन्यात दोन्ही बाजूंच्या पोरांनी एकमेकांना चिडवायला म्हटलं. विश्वजितनं "आपलंच हाय, सहज सुचलं" म्हणत सत्कार घेतले. मग त्याचं लग्न ठरलं आणि तो जयसिंगपूरला सासऱ्याच्या भुसार दुकानात बसायला लागला. त्याच्या जागी यशराज आला. यशराजनं 'गं'च्या जागी 'गंऽऽ' केलं आणि गाणं आपल्या नावावर घेतलं. जयसिंगपूरहून फोन आला. यशराजनं उलट फोन केला. दोघंही धम्मपालला शिव्या देऊ लागले, कारण तो मधे होता आणि त्याचा स्वभाव चांगला होता.

मधल्या काळात एक कीबोर्डवाला आला आणि गेला. एक लीड गिटारवाला आला, त्याला पिठाची ॲलर्जी निघाली. यशराज भरतीच्या तयारीला लागला आणि पहाटे पळताना बँडच्या पलीकडं निघून गेला. पण भांडण राहिलंच. शेवटी गाणं यूट्यूबवर चढवताना 'गीतकार' या रकान्यात धम्मपालनं शांततेसाठी एकच शब्द टाकला: पारंपरिक.

"आरं, मी हितं बसलोय की," प्रसेनजीत म्हणाला.

गिरणी चालू होती. धम्मपालनं अंगठा दाखवला.

तिथून गाण्यानं प्रसेनजीतचा हात सोडला. नवी गायिका राजनंदिनी बँडमध्ये आली तेव्हा तिला गाणं शिकवावं लागलं नाही. ती म्हणाली, "हे म्हाईताय मला. आमच्यात हळदीला म्हणत्यात."

आणि एके दिवशी गडहिंग्लजहून रूपालीआक्काचा फोन आला.

"पश्या, मी आत्तींना सांगितलं, हे गाणं माझ्या भावानं माझ्यावर लिवलंय. सगळं घर हसलं."

सासूला ती आत्ती म्हणायची. आत्तीचं नाव अंजना, आणि त्यांचं म्हणणं एकदा झालं की ते झालं.

"काय म्हणाल्या?"

"म्हणाल्या, हे गाणं आमच्यात पूर्वापार हाय. आणि तुझा भाऊ तर पिठाच्या गिरणीत कामाला हाय न्हवं? फोटू बघितलाय त्यांनी. मी आता बोलायचंच सोडलंय रे. खोटारडी वाटते मी सगळ्यांना."

हे मात्र प्रसेनजीतला लागलं. आपलं नाव गेलं तर गेलं, पण आक्का सासरी खोटी पडली, ती त्याच्या गाण्यापायी.

"आमच्या मंडळाच्या वर्धापनदिनाला तुमचा कार्यक्रम ठेवलाय," आक्का म्हणाली. "सगळं घर पुढच्या रांगेत असणार. एकदा स्टेजवरनं नाव घ्यायला लाव. न्हाईतर मी येते वर."

कार्यक्रमाच्या संध्याकाळी, वायरी जोडत असताना, प्रसेनजीतनं राजनंदिनीला सगळं सांगितलं. तिनं माईक खाली ठेवला.

"तू लिवलंयस? मी माझ्या आत्येबहिणीच्या हळदीत म्हटलंय की हे."

"तवा ते नवंकोरं हुतं."

"मग इतकी वर्षं बोलला का न्हाईस?"

"बोलतो की. गिरणीत."

राजनंदिनीनं कपाळाला हात लावला. "बरं. गाण्याआधी मी तुझं नाव घेते. मोठ्यांदा. गप उभा ऱ्हा फक्त."

पण माईक आधी मंडळाचे अध्यक्ष गणपतरावांच्या हातात होता, आणि गणपतरावांच्या हातात गेलेला माईक म्हणजे बँकेत गेलेला कागद. त्यांनी पाहुण्यांचं स्वागत केलं, मंडपवाल्यांचे आभार मानले, मग घसा साफ केला.

"आता जे गाणं हुणार हाय, ते आपल्या मातीतलं, पारंपरिक गाणं हाय! माझा आज्जा मोटंवर बसून हे गाणं म्हणायचा. मी ह्या कानांनी ऐकलंय!"

टाळ्या पडल्या. पुढच्या रांगेत आत्तींनी सुनेकडं एकदा नुसतं बघितलं. त्या बघण्यात सगळं आलं.

प्रसेनजीत बेस गळ्यात घेऊनच पुढं आला आणि जन्मात पहिल्यांदा, गिरणी चालू नसताना, माईकवर बोलला.

"अध्यक्षसाहेब, तुमच्या आज्ज्याच्या वेळंला चार्जर हुता का?"

गणपतरावांनी विचार केला. फार नाही.

"नव्हता," ते म्हणाले. "म्हणून तर मागत हुता."

मैदान हसून लोळलं, आणि प्रसेनजीतला कळलं की आपण हरलो. राजनंदिनीनं माईक ओढून "हे गाणं प्रसेनजीतनं लिवलंय!" असं ओरडून सांगितलं, पण त्या हशात ते कुणाच्या कानापर्यंत पोचलं नाही. गिरणीत आणि मैदानात तसा फरक नव्हता.

तेवढ्यात पुढच्या रांगेतनं रूपालीआक्का उठली. पदर खोचला, स्टेजच्या पायऱ्या चढली आणि पर्समधनं चार्जर काढून वर धरला. वायरीला काळी पट्टी. पिनीजवळ लाल दोरा.

"हा बघा!" ती म्हणाली. "ह्याच चार्जरवर हाय गाणं. हा माझा, आणि हा माझा भाऊ. यानंच लिवलंय. कुणाला शंका असंल तर फोन लावून बघा, ह्या कोनात धरल्याशिवाय चालत न्हाई!"

गणपतरावांनी खिशातनं स्वतःचा फोन काढला. आक्कानं स्टेजवरच्या बोर्डात चार्जर लावला. काही झालं नाही. मग प्रसेनजीत पुढं झाला, त्यानं वायर धरली, मान तिरकी केली, कंबरेत वाकला. बरीच वर्षं झाली होती, पण हाताला कोन आठवत होता. फोनवर हिरवी बत्ती पेटली.

सगळ्यात आधी उठल्या त्या आत्ती. त्यांनी डोक्यावर पदर घेतला, पायऱ्या चढल्या आणि चार्जरला हात जोडले.

"मूळचा चार्जर," त्या पुटपुटल्या.

"मूळचा चार्जर हाय!" मागनं कुणीतरी ओरडलं, आणि लोक दर्शनाला उठले. गणपतरावांचे डोळे भरून आले. त्यांनी माईक दोन्ही हातांत धरला.

"मंडळी! ह्या पारंपरिक गाण्याचे आद्य गीतकार, प्रसेनजीत शिंगे, आज आपल्यात उपस्थित हायत! माझ्या आज्ज्याचं आणि यांचं उठणं-बसणं हुतं!"

फेटा उडाला तो ह्या वेळी.

आत्ती प्रसेनजीतच्या पायाशी वाकायला लागल्या. तो वायर हातात धरूनच मागं सरकला, कारण सोडली असती तर अध्यक्षांचा फोन बंद पडला असता.

"आत्ती, असं काय करताय? मी धाकटा हाय तुमच्यापेक्षा."

"पडू द्या पाया, पावणं. तुम्ही आमच्या सासऱ्याच्या बरोबरीचं. वय दिसत न्हाई तुमचं, एवढंच." मग सुनेकडं वळून त्या म्हणाल्या, "चुकलं माझं, रूपाली. खरं बोलत हुतीस तू."

आक्काला हसू आवरेना. ती स्टेजवरच मटकन खाली बसली आणि डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसली, आणि तिच्याकडं बघून प्रसेनजीतलाही हसू फुटलं. राजनंदिनीनं गाणं उचललं, धम्मपालनं ठोका धरला, आणि अख्ख्या मैदानानं माना तिरक्या करून ते म्हटलं. त्या दिवशी बेस वाजलाच नाही, बेसवाल्याचा हात गुंतला होता. कुणाच्याही ते लक्षात आलं नाही.

कार्यक्रमानंतर गाडीत सामान भरताना आक्कानं चार्जर त्याच्यापुढं धरला. "घे. माझ्याकडं नवा हाय आता."

"ठेव तुझ्याकडंच," तो म्हणाला. "मग मी मागू काय?"

पुढं मात्र व्याप वाढला. विश्वजितचा जयसिंगपूरहून फोन आला: "भावा, अभिनंदन! तुझ्या आज्ज्यानं लिवलंय म्हणं." चंदगडच्या एका मंडळानं 'आद्य गीतकार' म्हणून त्याच्याच जन्मशताब्दीचं निमंत्रण पाठवलं आणि सोबत आधाराला कुणी येणार असल्यास कळवा असं लिहिलं. ज्ञानूमामा घरी आले, बेसच्या तारा परत एकदा मोजत उभे राहिले, आणि म्हणाले, "पूर्वी चारच तारा असायच्या व्हय?"

म्हणून प्रसेनजीत आता ते झालंच नाही असं धरून चाललाय. गिरणीत जातो, पांढरा होतो, राजनंदिनीच्या कानात नवीन ओळी ओरडतो. ती प्रत्येक ओळीनंतर तितक्याच मोठ्यांदा त्याच्या कानात ओरडते: "तुझीच हाय! तुझीच हाय!" बाकी फक्त एक अर्ज तेवढा केलाय. त्याची पोच अजून आलेली नाही.

प्रति,
मा. प्रमुख, परंपरा नोंदणी कक्ष (असल्यास), कोल्हापूर.

विषय: परंपरेची तारीख दुरुस्त करून मिळणेबाबत.

महोदय, वरील विषयास अनुसरून विनंती की, 'आक्का, चार्जर दे' या गाण्याची परंपरा माझ्या बहिणीचे लग्न झाले त्या आठवड्यापासून सुरू झाली असे समजण्यात यावे. मी हयात असून तरुण आहे, याचीही सोबत नोंद व्हावी. तसेच त्यापूर्वी ज्या ज्या नागरिकांच्या आज्ज्यांनी सदर गाणे मोटेवर, शेतात अथवा अन्यत्र म्हटलेले आहे, त्या सर्व आज्ज्यांनी ते विनाविलंब परत घ्यावे, असे आदेश आपल्या स्तरावरून व्हावेत, ही नम्र विनंती.