भिंतीला लोखंड लावू नका

तांब्याचा गोळा सुटला तेव्हा त्या रिकाम्या खोलीत तीस-पस्तीस माणसं होती, पण एकाचाही श्वास ऐकू येत नव्हता. गोळा संत्र्याएवढा. भिंतवाल्या बाबांनी तो फरशीच्या मधोमध ठेवला, ओठांतल्या ओठांत काहीतरी पुटपुटले आणि हात काढून तीन पावलं मागे सरले. गोळा क्षणभर थांबल्यासारखा वाटला. मग झोपेतून उठल्यासारखा हलला आणि मागच्या कोपऱ्याकडे निघाला. आधी सावकाश, मग भरभर. ठक्‌ करून भिंतीवर आपटला.

बाबांनी तो उचलून दारापाशी ठेवला. तिथूनही तो त्याच कोपऱ्यात गेला. खिडकीखाली ठेवला तरी तिकडेच.

"बोलावतोय," बाबा म्हणाले.

गर्दीतल्या एकाने नकळत हात जोडले. त्याचं बघून बाकीच्यांनीही जोडले.

"घर म्हणजे काय?" बाबांनी सुरुवात केली. "घर म्हणजे देह. भिंत म्हणजे कातडी. कातडीला कान लावला की आतलं दुखणं कळतं. तुमचा डॉक्टर नाडी बघतो, मी वीट बघतो. डॉक्टर चुकतो. मी चुकल्याचं मला आठवत नाही."

"आठवत नाही म्हणजे चुकलेच नाहीत," घराच्या दलालाने शेजारून पुस्ती जोडली.

दाराजवळ एक बारीक चणीची बाई उभी होती. ती पुस्तकं बांधायच्या कारखान्यात काम करायची. अंगाने काटकुळी आणि नजर टोकदार, म्हणून तिथे सगळे तिला टाचणी म्हणत. तिचा नवरा शहरातली बस चालवायचा. सासूबाईंना दम्याचा त्रास होता. शहराच्या धुराने रात्रंदिवस छाती भरलेली असायची. डॉक्टरांनी मोकळ्या हवेत राहा म्हणून सांगितलं, तेव्हा या तिघांनी गावाकडचं घर शोधायला घेतलं. हे पाहिलेलं सातवं. हवेशीर, पुढे अंगण, आणि खिशाला जमण्यासारखं. या गावात घर घेण्याआधी बाबांना दाखवायची पद्धत आहे असं दलालाने सांगितलं आणि बाबांना तोच घेऊन आला.

"या घराचा रखवालदार त्या कोपऱ्यात बसलाय," बाबा सांगत होते. "चांगला आहे. घरात एखादं थकलेलं माणूस असेल तर त्याची खाट तिथेच लावा, तो सांभाळील. पण तापट आहे. त्याला मोजमाप खपत नाही. भिंतीला, फरशीला लोखंड लावू नका. लावलंत तर पहिला घास तो त्या थकलेल्या जिवाचाच घेईल."

सगळ्यांच्या माना एकदम वळल्या. खुर्चीवर सासूबाई बसल्या होत्या, हातात दम्याचा पंप घट्ट धरून.

तेवढ्यात भिंत कण्हली. खरंच कण्हली. आजारी माणसाने कूस बदलताना कण्हावं तसा खोल, लांबट आवाज कोपऱ्यातून आला आणि दाराची झडप आपोआप उघडून हळूहळू भिंतीला टेकली. बाहेर वाऱ्याची झुळूकही नव्हती.

"पसंत केलं तुम्हाला," बाबा म्हणाले.

परतताना बसमध्ये नवरा खुशीत होता. सासूबाई म्हणाल्या, "त्या कोपऱ्यात खिडकी पण आहे गं. माझी खाट तिथेच टाका." टाचणी हो म्हणाली. पण तिच्या डोक्यातून ती खिडकी जात नव्हती. झडप वर चौकटीला घासत होती आणि खाली बोटभर फट. बावीस वर्षं पुठ्ठे कापून तिचा डोळा काटकोनाला सरावला होता. वाकडं कापलेलं पुस्तक टेबलावर ठेवलं की जसं दिसतं, तशी ती खिडकी दिसत होती. शिवाय सगळं घर जुनाट रंगाचं आणि त्या कोपऱ्यात मात्र ताज्या रंगाचा वास.

विचारायची तिची हिंमत झाली नाही. चार दिवस तिला धड जेवण गेलं नाही. घर वाकडं असेल तर सासूबाई त्या कोपऱ्यात झोपणार, याची भीती. आणि तपासायला गेलं तर बाबा म्हणाले ते खरं व्हायचं, याचीही भीती. इकडे आड, तिकडे विहीर. शेवटी कारखान्यातल्या मशीनवाल्या काकांनी तिचा चेहरा पाहून विचारलंच. सगळं ऐकून ते म्हणाले, "जुनी सायकल घेताना चाक फिरवून बघतेस की नाही? मग घर का नाही? माझ्या भावाने घेतलं तेव्हा एका इंजिनिअरबाईंना दाखवलं होतं. घर तपासणं हेच त्यांचं काम. नंबर देतो."

पडद्यांची मापं घ्यायची आहेत असं सांगून टाचणीने दलालाकडून किल्ली आणली. "कापडी टेपने घ्या हं," तो हसत म्हणाला. नवऱ्याला आणि सासूबाईंना तिने काहीच सांगितलं नाही.

इंजिनिअरबाई स्कूटरवरून आल्या. पन्नाशीच्या, डोक्याला रुमाल, खांद्याला जड पिशवी. पिशवीतून त्यांनी भिंत सरळ आहे का ते बघायचा, दोरीला बांधलेला लोखंडी ओळंबा काढला आणि छताजवळ खिळ्याला अडकवायला हात वर केला.

"बाई," टाचणीने त्यांचा हात धरला. "लोखंड लावलंच पाहिजे का?"

बाईंनी तिच्याकडे पाहिलं. हसल्या नाहीत. "काय सांगितलंय तुम्हाला?"

टाचणीने सांगितलं. बाईंनी शांतपणे ऐकून घेतलं. "भीती वाटत असेल तर बाहेर बसा. पण मला मोजू द्या. तुमच्या सासूबाई जिथे झोपणार आहेत, ती जागा मी डोळे मिटून बरी म्हणणार नाही."

टाचणी बाहेर गेली नाही. दाराची चौकट धरून उभी राहिली.

ओळंबा सरळ लोंबकळला. वर भिंतीपासून चार बोटं, खाली दोन. भिंत बाहेर कलली होती. बाईंनी पारदर्शक नळीत पाणी भरून फरशीची पातळी पाहिली. कोपऱ्याची बाजू तळहाताच्या रुंदीइतकी खाली. मग पत्र्याच्या पात्याने ताजा रंग खरवडला. आत भेगा बुजवायची नवीन लांबी भरलेली आणि तिच्याखाली छतापासून जमिनीपर्यंत भेग. नाणं उभं शिरेल एवढी.

"ही जुनी की अजून वाढतेय, ते बघायला हवं," बाई म्हणाल्या. खिडकीच्या झडपेआड, वरच्या बाजूला, त्यांनी भेगेवर काचेची पातळ पट्टी आडवी चिकटवली आणि तारीख घातली. "भिंत हलली तर काच तुटेल. काच कुणाच्या बाजूने बोलत नाही."

त्याच वेळी दारात सावली पडली. दलाल. त्याची नजर पात्यावर गेली, ओळंब्यावर गेली, आणि तो तसाच माघारी वळला.

पाऊण तासाने टाचणीचा फोन वाजला. नवरा होता. "लवकर ये. आईला दम लागलाय. दवाखान्यात नेतोय."

स्कूटरवर बाईंच्या मागे बसून ती शहरात कशी पोचली ते तिला पुढे कधीच आठवलं नाही. दवाखान्याच्या व्हरांड्यात लोखंडी बाक होता. त्यावर बसायचं तिच्याच्याने होईना, म्हणून ती भिंतीशी उभी राहिली. मी मारलं त्यांना, एवढं एकच तिच्या मनात घुमत होतं. आतून सासूबाईंचा घरघरता श्वास ऐकू येत होता. नवऱ्याला तिने सगळं सांगून टाकलं. तो तिच्यापासून दोन पावलं लांब जाऊन उभा राहिला. ते दोन पावलांचं अंतर तिला फार लागलं.

संध्याकाळपर्यंत सासूबाईंचा श्वास सुरळीत झाला. डॉक्टर म्हणाले, "कशाचा तरी धसका घेतलाय यांनी. दम्याच्या माणसाला एवढी भीती पुरते. काय झालं होतं?"

सासूबाईंनी तोंडावरची नळी बाजूला केली. "फोन आला होता."

"कुणाचा, आई?" नवऱ्याने विचारलं.

"त्या दलालाचा. म्हणाला, तुमच्या सुनेने भिंतीला लोखंड लावलंय, आता स्वतःला सांभाळा. तेवढं ऐकलं आणि छाती आवळत आली बघ."

नवऱ्याने आईचा फोन उघडून पाहिला. दलालाचा फोन अकरा चाळीसला आला होता. शेजारणीने आईचा दम ऐकून त्याला फोन केला तो अकरा बावन्नला. त्याने दोन्ही आकडे पुन्हा वाचले. मग टाचणीजवळ येऊन म्हणाला, "ओळंबा लावला तेव्हा किती वाजले होते?"

"साडेदहा."

"म्हणजे रखवालदाराला सव्वा तास पत्ताच नव्हता. दलालाने सांगितल्यावर कळलं त्याला."

त्याच संध्याकाळी त्याने दलालाला फोन लावला. आवाज पडलेला ठेवून म्हणाला, "चूक झाली आमची. पुढच्या रविवारी इसार द्यायला येतो. बाबांनाही बोलवा, आणि गावालाही."

रविवारी सकाळी खोली पुन्हा गच्च भरली. इंजिनिअरबाई आधी खिडकीकडे गेल्या. झडप बाजूला केली. काचेची पट्टी मधोमध तुटली होती आणि दोन तुकड्यांमध्ये केसाएवढं अंतर पडलं होतं.

"आठ दिवसांत," त्या टाचणीला हळूच म्हणाल्या. "आपण फार वेळ थांबायचं नाही इथे. आणि एवढी माणसंही आत नकोत." त्यांनी सगळ्यांना अंगणात काढलं. उघड्या दारातून आणि खिडकीतून माणसं आत डोकावू लागली.

टाचणीने कारखान्यातून पुस्तकं दाबायची लांब, सपाट फळी आणली होती. ती तिने गोळा सुटला होता त्याच जागी ठेवली आणि कोपऱ्याकडच्या टोकाखाली एकेक पुठ्ठा सरकवत गेली. बाईंनी फळीवर पातळी दाखवणारी पाणसळ ठेवली. बुडबुडा मधोमध आला तशी टाचणी थांबली.

"बाबा, आता सोडा गोळा," ती म्हणाली.

बाबांनी गोळा ठेवला, पुटपुटले, मागे सरले. गोळा जागचा हलला नाही. त्यांनी मंत्र पुन्हा म्हटला, या वेळी मोठ्याने. गोळा ढिम्म.

"रागावलाय तो," बाबा म्हणाले. "अपवित्र हात लागलेत."

टाचणीने खाली वाकून एक पुठ्ठा काढला. गोळा कोपऱ्याकडे चालू लागला. तिने तो धरला, पुठ्ठा पुन्हा घातला, वर आणखी दोन घातले. गोळा उलटा फिरला आणि फळीवरून दाराकडे निघाला.

"रखवालदार बाहेर चालला," अंगणातून कुणीतरी म्हणालं आणि हशा पिकला.

"बाबांच्या मंत्रावर चालत नाही तो, उतारावर चालतो," इंजिनिअरबाई म्हणाल्या. "कोपरा खचलाय, म्हणून फरशी तिकडे उतरती. चौकट कलली, म्हणून दार आपोआप उघडतं. दुपारी छताचा पत्रा तापून फुगतो आणि फाटलेल्या भिंतीवर घासतो, तेच तुमचं कण्हणं. आणि लोखंड का नको? मोजलं की हे सगळं उघडं पडतं, म्हणून." त्यांनी लांब सळई घेतली आणि कोपऱ्यात भिंत आणि फरशी यांच्या फटीत सोडली. सळई दोन हात आत गेली, तरी कशालाही टेकली नाही. "खाली पोकळ आहे. का, ते मला माहीत नाही."

"मला माहीत आहे." खिडकीतून शेजारची म्हातारी बोलली. "माझ्या लहानपणी विहीर होती तिथे. केरकचरा आणि फुटक्या विटा टाकून बुजवली. वर ही खोली चढवली."

"मग आजी, इतके दिवस बोलला का नाहीत?" टाचणीने विचारलं.

"कुणी विचारलं नाही गं. सगळे गोळ्यालाच विचारत होते."

मागून गावचा रंगारी पुढे झाला. मान खाली घालून म्हणाला, "भेग मीच बुजवली. दलालाने काम दिलं, पण लांबी कुठे भरायची ते बाबा दाखवत होते. गळतीचा डाग आहे म्हणाले."

बाबांनी गोळा झोळीत टाकला. दलाल कुणाकडेही न पाहता त्यांच्यामागून निघाला. इसार दिला गेला नाही.

ही गोष्ट इथेच संपली असती तर बरं झालं असतं. दीड महिन्याने, एका मंगळवारी भर दुपारी, तो कोपरा कोसळला. खिडकीसकट भिंत आणि अर्धी फरशी त्या जुन्या विहिरीत गेली. घर बंद होतं, कुणाला काही झालं नाही. म्हातारीने फोन करून कळवलं आणि चाचरत पुढे म्हणाली, "लोक म्हणतात, बाबा खरंच बोलले होते. लोखंड लावलंत, म्हणून पडलं."

थोडा वेळ टाचणीला तेच खरं वाटलं, हे तिने पुढे कबूलही केलं. मग डोळ्यांपुढे खाट आली, खिडकीखालची, आणि त्या खाटेवर सासूबाई.

ती पुढच्या रविवारी गावात गेली. सोबत इंजिनिअरबाईंचा अहवाल होता. चहाच्या टपरीवर जमलेल्या माणसांना तिने तो वाचून दाखवला. भेग किती रुंद होती, काच कधी लावली, कधी तुटली, आणि 'ही खोली वापरू नये' हे शेवटचं वाक्य. एक जण तरीही म्हणाला, "पण तुम्ही मोजलंत आणि मग पडलं, हे तर खरं ना?"

"ताप मोजल्याने ताप येत नाही, दादा," टाचणी म्हणाली. "तो आधीच अंगात असतो. मीही घाबरले होते. अजून घाबरते. पण घाबरून मी गप्प बसले असते, तर मंगळवारी दुपारी माझी सासू त्या कोपऱ्यात झोपलेली असती. तुम्ही घर घ्याल, मुलांना द्याल. जाणत्या माणसाला आधी दाखवा. भिंत खरवडू द्या, फरशी मोजू द्या, शेजारच्या म्हाताऱ्या माणसांना विचारा. आणि तपासू नका असं जो सांगेल, त्याचं घर सगळ्यांत आधी तपासा."

मग चहावाल्याने गल्ला बंद केला आणि इंजिनिअरबाईंचा नंबर मागितला. त्याच्या स्वयंपाकघराच्या भिंतीतून, तो म्हणाला, गेलं वर्षभर आवाज येत होता.