छबीची सोयरीक

टीव्हीवर ती जाहिरात लागली की आमचे मालक ताटावरनं उठून टीव्हीपुढं जाऊन बसायचे. पोरगं पुढं चाललंय अन् चपट्या तोंडाचं कुत्रं त्याच्या मागं. बास, एवढंच. त्यात बगण्यासारखं काय व्हतं ते मला अजून कळलं न्हाई. पण हौशीराम नावाच्या माणसाला हौस नसंल तर कुणाला असंल! नवऱ्याचं नाव घेतलं म्हणून कुणी नाक मुरडू नका. त्या कुत्र्याच्या पायी मी लई सोसलंय, एवढा हक्क माजा हाय.

त्या साली टमाट्यानं हात दिला व्हता. आळेफाट्याचे झुंबरलाल शेठ आमचे जुने कापडवाले, आमच्या घरातल्या सगळ्या लग्नांचे बस्ते त्यांच्याच दुकानात बांधलेले. त्यांच्या नातवानं, अंकितनं, पुण्याच्या कुण्या पैदासवाल्याकडनं एकाच आईची दोन पिल्लं आणली, बुटाच्या एकाच खोक्यात घालून. नर शेठनी ठेवला, त्याचं नाव रॉकी. मादी आमच्या मालकांनी उचलली. तिचं नाव मी ठेवलं, छबी. म्हणलं, तोंड तर हे असं, निदान नाव तरी देखणं असू दे.

आता ही छबी म्हंजी काय नमुना व्हता ते ऐका. तोंड भिंतीवर आपटल्यावानी चपटं. डोळे बाहेर आलेले, जसं काय कुणीतरी गळा धरलाय. नाकपुड्या सुईच्या नेढ्याएवढ्या. अंगणात एक फेरी मारली की जीभ बाहेर, अन् घर्र घर्र सुरू. जेवताना घर्र, बसली की घर्र, झोपली तर इचारूच नका. उन्हाळ्यात तिच्यासाठी ओसरीवर ओलं पोतं अन् पंखा. म्हातारपणी माज्या सासूला पंखा मिळाला नव्हता, कुत्रीला मिळाला!

आमच्या शिवारात बिबट्याचा वावर. शेजारच्या गेणभाऊचं वासराएवढं कुत्रं त्यानं उचलून नेलं. एकदा दिवस मावळताना तो आमच्या गोठ्यामागं आला. ओसरीवर छबी झोपली व्हती. ते घोरणं ऐकून गडी थबकला, कान टवकारले अन् आल्या पावली उसात निघून गेला. मालक गावभर सांगत सुटले, आमच्या कुत्रीनं वाघ पळवला. वाघाला वाटलं असंल, हितं मोटार चालू हाय, माणसं असणार.

पण एक सांगते. तिच्या तोंडावरच्या घड्या मीच रोज फडक्यानं पुसायचे, न्हाईतर आत चिघळायचं अन् वास मारायचा. डोळ्यात कुसळ गेलं तर रात्रंदिवस मीच थेंब टाकले. आदी मी तिला 'चपटे' म्हणायचे. म्हणता म्हणता 'पोरी' कदी म्हणायला लागले, माजं मलाच कळलं न्हाई. जीव लागला, दुसरं काय.

एक दिवस गाईला रेतन करायला ढोरांचे डॉक्टर आले व्हते. म्हणलं, साहेब, आमची ही बया बी बगा. त्यांनी नळी लावली, नाक बगितलं, कंबर चाचपली अन् हात धुता धुता म्हणाले, “हिला पिल्लं होऊ देऊ नका. हृदय कमजोर आहे. ह्या जातीत पिल्लांची डोकी मोठी अन् आईची कंबर बारीक, पोट फाडल्याशिवाय सुटका होत नाही बहुतेक. हिला भूल दिली तर ही पुन्हा उठेल असं मी काही सांगू शकत नाही.”

मालकांचं तोंड उतरलं, पण घटकाभरच. “साहेब, तुमी गाईम्हशीतले. ह्यो इलायती माल हाय.”

“हिचे आई-बाप एकमेकांच्या नात्यातले आहेत का?” डॉक्टरांनी इचारलं.

मालकांनी छाती फुगवली. “एकदम शुद्ध! बाहेरचा थेंब न्हाई!”

डॉक्टर माज्याकडं बगत राह्यले, मंग फटफटीला किक मारून निघून गेले.

आता मला सांगा, ह्या माणसाला टमाट्याचं बी हायब्रीडच लागतं. गाईला दर खेपेला निराळ्या वळूचं रेतन लागतं, तेच नाव पुन्हा आलं की डॉक्टरशी भांडतो. अन् कुत्री म्हणलं की शुद्ध! शेठ अन् हा, दोघांनी मिळून ठरवलं की छबी माजावर आली की रॉकीशी तिचं जमवायचं. एका खोक्यातली दोघं, गावातल्या शेंबड्या पोराला बी ठाऊक. पण जनावरात कसलं आलंय नातं!

मालकांनी तर ओतूरच्या पेंटरकडनं पाटी रंगवून आणली, ‘शुद्ध पग पैदास केंद्र, डिंगोरे’. पिल्लं व्हायच्या आदीच वाटून बी झाली. एक गेणभाऊला, एक सोसायटीच्या चेअरमनला, एक माज्या भावाला. मी म्हणायचे, “अवो, ती मरंल.” तर म्हणायचे, “तू गप, तुला कायच कळत न्हाई.” मी गप बसणाऱ्यातली असते तर एवढा संसार झाला असता का?

छबी माजावर आली. त्या दिवशी मी इरकल नेसले, नथ घातली, ताटात नारळ अन् खण घेतला अन् जीपमधी जाऊन बसले.

“अगं, कुत्र्याचं काम हाय,” मालक म्हणाले. “लग्नाला चालली का काय?”

“पोरीची आई हाय मी,” म्हणलं. “सोयरीक आईशिवाय व्हती का कुठं? व्हा पुढं.”

आता माज्या डोक्यात काय व्हतं ते सांगते. झुंबरलाल शेठ म्हंजी लग्नातला मोठा माणूस. ह्या पट्ट्यातल्या ओसवालांत कुणाचं बी जमायचं असलं की शेठला इचारायचं. मुलाचं गोत्र, मुलीचं गोत्र, आईच्या माहेरचं, आजीच्या माहेरचं, सगळं त्यांना तोंडपाठ. एक जरी जुळलं तरी शेठ हात वर करणार, न्हाई म्हंजी न्हाई. त्यांच्या नातीला, रिद्धीला, संगमनेरचं सोन्यासारखं स्थळ आलेलं. ते बी त्यांनी आजीच्या माहेरच्या गोत्रावरनं मोडलं. अन् शेठाणी कस्तुरबाई त्यावरनं अजून आतल्या आत धुमसत व्हत्या, हे मला ठाऊक व्हतं.

दुकानात गिऱ्हाईक बरंच. शेठ गादीवर तक्क्याला टेकून. मला नथ घातलेली बगून म्हणाले, “वा वा, विहीणबाई आल्या!” सगळं दुकान हसलं. कस्तुरबाई आतनं चहा घेऊन आल्या. रॉकीला सोडलं. तो छबीकडं पळत आला, दोन उड्या मारल्या, अन् धाप लागून साड्यांच्या ढिगाला टेकून खालीच बसला. छबी बी त्याच्यापुढं बसली. दोघंबी एकमेकांकडं बगून घर्र घर्र करायला लागली.

“लाजला,” शेठ म्हणाले.

“लाजला न्हाई, दमला,” मी म्हणलं. “असू द्या. शेठ, आता रीतीनं बोलू. मुलाचं गोत्र काय?”

“अहो सारजाबाई, कुत्र्याला कसलं गोत्र?”

“मंग बापाचं नाव तरी सांगा. पोर द्यायची म्हणल्यावर इचारायला नको?”

शेठ खुलले. “बाप म्हणजे साधासुधा नाही हां. बँकॉकहून आणलेला. प्रदर्शनात पट्टा मिळालेला. सुलतान नाव.”

“अगं बाई! आमच्या छबीच्या बापाचं बी सुलतानच. अन् आई?”

मालकांनी माज्या पदराला हिसका दिला. मी हलले न्हाई.

“आईसुद्धा एकच,” कस्तुरबाई म्हणाल्या. चहाचा ट्रे त्यांनी हळूच गादीवर ठेवला. “एकाच खोक्यातून आणलं होतं अंकितनं. म्हणजे ही सख्खी भावंडं? आणि तुम्ही ह्यांचं लावताय?”

“अगं, त्यात रक्त शुद्ध राहतं. पैदासवालाच म्हणाला.”

“माझ्या रिद्धीचं स्थळ मोडलंत तुम्ही, माझ्या माहेरचं गोत्र निघालं म्हणून! पोर रडून रडून आजारी पडली. आणि आज माझ्या डोळ्यांदेखत, भर दुकानात, बहीण-भावाचं?”

“शुद्ध राहून राहून नाक गेलं की शेठ,” मी म्हणलं. “आता अजून काय जायचं राह्यलंय?”

गिऱ्हाइकं पोट धरून हसली. एकाचा तर हातातला कापडाचा तागाच उलगडत गेला. शेठचा चेहरा लालबुंद झाला. भर दुकानात, ते बी बायकोनं! त्यांना ते लागलं, अन् लागणारच.

“आम्हाला काय शिकवता, सारजाबाई?” ते म्हणाले. “तुम्ही स्वतः हौशीरामभाऊंच्या सख्ख्या मामाची मुलगी. तुमच्या लग्नाचा बस्ता ह्याच गादीवर बांधलाय मी. आमच्यात आईचं गोत्रसुद्धा टाळतात. तुमच्यात मामाची पोरगी चालते, मग कुत्र्यात काय बिघडलं?”

आता हसणं माज्याकडं वळलं. मी घरनं लई काय काय ठरवून आले व्हते. हे मातर ठरवलं नव्हतं.

“हो,” मी म्हणलं, “मामाचीच हाय. म्हणूनच बोलते, शेठ. तसं आमच्यात घरोघरी चालतं अन् पोरं चांगली निघतात. माजा ल्योक अमृतच बगा, बैलावानी हाय. पण त्याच्या आदी मला एक पोरगी झाली व्हती. ही छबी श्वास घेती ना, तशीच श्वास घ्यायची. घर्र, घर्र. दवाखान्यात नेली. डॉक्टर म्हणाले, काळजाला भोक हाय. अन् इचारलं, नात्यातलं लग्न हाय का? तर ह्या माणसानं छाती फुगवून सांगितलं, सख्ख्या मामाची पोरगी हाय साहेब, बाहेरची न्हाई! ह्यांना वाटलं डॉक्टर कौतुकच करतोय. मला बी तसंच वाटलं. मी पदर सावरून बसले व्हते, खोटं कशाला सांगू. बारशाच्या आदी पोरगी गेली. नाव ठेवायचं राह्यलं.”

नुसती ती दोन कुत्री घोरत व्हती.

“मी कुणाला दोष देत न्हाई,” मी म्हणलं. “पण ही घरघर मी एकदा मांडीवर घेऊन ऐकली हाय. पुन्हा ऐकायची ताकद न्हाई माजी. नर हा असू दे न्हाईतर दुसरा, पिल्लं झाली की ही मरंल, डॉक्टरनं सांगितलंय. पाटीसाठी मारायची का तिला?”

कस्तुरबाई माज्याजवळ येऊन बसल्या अन् माजा हात धरला. शेठ गादीवरची सुरकुती नीट करत बसले.

मालकांकडं बगायचं धाडस मला झालं न्हाई. इतक्या वर्सांत त्या पोरीचा शब्द आमच्या घरात निघाला नव्हता. मला वाटलं आता हा माणूस इथंच चारचौघांत मला फाडून खाणार. पण ते उठले. वाकून छबीला उचललं, खांद्यावर घेतलं.

“येतो, शेठ.”

“अहो हौशीरामभाऊ, चहा तरी—”

“नको. हिला उन्हाचा तरास व्हतो.”

येताना ओतूरला मालकांनी जीप थांबवली, नळावर उपरणं भिजवलं अन् छबीच्या अंगावर टाकलं. थोडं पुढं गेल्यावर बाहेर बगत म्हणाले, “गोरीपान व्हती न्हाई का गं?” मी म्हणलं, “हो. तुमच्यावर गेली व्हती, तरी गोरी.” त्यांना हसू आलं अन् डोळे बी भरले. माजं तर कदीच भरून वाहायला लागलेलं, नथीवरनं पाणी गळत व्हतं.

डिंगोऱ्यात उतरलो तर गेणभाऊ पारावर वाटच बगत बसलेला, सोबत अजून पिल्लांचे हक्कदार.

“काय राव, जमलं का?” गेणभाऊनं वरडून इचारलं. “पिल्लं कदी मिळायची?”

“सोयरीक मोडली,” मालक म्हणाले.

“आता! शेठनी मोडली?”

“शेठ कशाला मोडतोय. मी मोडली.” मालकांनी छबीला ह्या खांद्यावरनं त्या खांद्यावर घेतलं. “पोरगी नाजूक हाय माजी. तिच्या जिवाला झेपायचं न्हाई.”